अपूर्ण भूतकाळ

पहिले काही आठवडे बाईंच्या वर्गात इंग्रजी बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे खुद्द बाई.

वर्ग मोठ्या माणसांचा होता. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळी, दुकानं-कारखाने सुटल्यावर भरायचा. दुपारी त्याच खोलीत बालवर्ग चाले, त्यामुळे बाक बुटके. बस चालवणारे ड्रायव्हरकाका बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत. त्यांच्या पुढच्या बाकावर एक आजी बसत. त्यांचा नातू परदेशात वाढला होता आणि फोनवर इंग्रजीखेरीज बोलत नव्हता. आजींना त्याच्याशी बोलायचं होतं. नीट विचारलं तर त्या सांगत, "बोलायचं कसलं, रागवायचंय मेल्याला." बाकी दहा-बारा जण होते आणि त्यांत दोन सलूनवाले. एक जाडसर, डोक्यावर औषधालाही केस नाही. तो दाराजवळ बसायचा. दुसरा सडपातळ, डोक्यावर केसांचं जंगल. तो पार खिडकीशी.

बाई दिवसभर मोठ्या शाळेत शिकवत. तिथे चाळीस तोंडं बंद ठेवणं हेच निम्मं काम. इथे तोंडं उघडायची होती आणि ती काही केल्या उघडत नव्हती. बाईंनी दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, 'फक्त इंग्लिश', आणि त्या पाटीखालून आत येताना माणसं चपला काढावी तशी आपली वाचा बाहेर काढून ठेवत. बाई विचारत, हसत, हातवारे करत, आणि समोर सगळे मूग गिळून बसलेले. तास संपला की जिन्यावर मात्र हीच मंडळी असा गलका करत की खाली वाचनालयात 'शांतता राखा'ची घंटा वाजे.

मग बाई एका शिबिराला जाऊन आल्या. तिथल्या वयस्कर प्रशिक्षकांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. पोहायला शिकवताना कोणी माणसाला नुसतं विहिरीत ढकलतं का? आधी पाठीला सुका भोपळा बांधतात. भाषेचंही तसंच. चित्रं द्या, अर्धी वाक्यं तयार करून द्या, जोडीजोडीनं बसवा, म्हणजे बुडायची भीती जाते.

बाईंना ते पटलं. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर चित्रांचे तक्ते लागले आणि त्यांच्या शेजारी कागदाच्या लांब पट्ट्या, त्यांवर अर्धी अर्धी वाक्यं, मधे मोकळ्या जागा. बाईंनी भोपळ्याची गोष्ट सांगितली मात्र, वर्गानं त्या पट्ट्यांचं बारसं करून टाकलं. तेव्हापासून त्या पट्ट्या म्हणजे भोपळे.

आता जोड्या. बाईंनी विचार केला, एका धंद्यातली माणसं एकत्र बसवली तर बोलायला विषय आयताच मिळेल. त्यांनी एक बोट दाराकडे केलं आणि एक खिडकीकडे.

"यू टू! सेम वर्क! सिट टुगेदर!"

आजींच्या हातातली पेन्सिल गळून पडली. ड्रायव्हरकाकांच्या तोंडून "अरे देवा" निसटलं. बाईंना वाटलं, नवीन पद्धतीचा उत्साह.

टकले सलूनवाले उठले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आमचं जरा—"

"इंग्लिश!"

"बाई... वुई..." त्यांना घाम फुटला. "वुई नो टॉक."

"येस!" बाई आनंदून म्हणाल्या. "नो टॉक इन अवर लँग्वेज. ओन्ली इंग्लिश. व्हेरी गुड!"

केसवाल्यांनीही तोंड उघडून पाहिलं, पण 'आमचा अबोला आहे' याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि भिंतीवर त्याचा भोपळाही नव्हता. शेवटी दोघं एका बाकावर बसले, पण असे, की मधे आणखी एक माणूस सहज मावला असता. भिंतीवरचं वाक्य होतं, 'डू यू हॅव अ ब्रदर?'

बाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या. टकल्यांनी भिंतीकडे पाहत, भिंतीलाच विचारावं तसं विचारलं, "डू यू हॅव अ ब्रदर?"

"येस. आय हॅव वन ब्रदर." केसवाल्यांनी विशेषणांच्या तक्त्याकडे नजर टाकली. "ही इज ओल्ड. ही इज फॅट." मग थोडं थांबून, "ही इज डर्टी."

टकल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उत्तर देण्याची पाळी आता त्यांची होती. "आय हॅव वन ब्रदर. ही इज शॉर्ट. ही इज थिन." तक्त्यावरची जहाल विशेषणं तेवढ्यात संपली. त्यांची नजर शेजारच्या तक्त्यावर गेली; तिथे प्राणी होते. "ही इज डाँकी."

"अ डाँकी," बाईंनी चूक दुरुस्त केली.

"ही इज अ डाँकी. थँक यू, बाई."

"व्हेरी गुड!" बाई म्हणाल्या. वर्गात पहिल्यांदाच एवढं सलग इंग्रजी बोललं गेलं होतं. मागे ड्रायव्हरकाका रुमाल तोंडात कोंबून का बसले आहेत, ते काही बाईंना उमगलं नाही.

तास संपल्यावर आजींनी त्यांना जिन्यात गाठलं.

"बाई, तुम्ही आज काय केलंत, तुम्हाला कल्पना आहे का? सख्खे भाऊ आहेत ते. एक तप झालं, एकमेकांशी शब्द नाही. रस्त्याच्या या बाजूला थोरल्याचं सलून, त्या बाजूला धाकट्याचं. दिवसभर समोरासमोर, आणि नजरेला नजर नाही."

बाई पायरीवरच थांबल्या. "मग एकाच वर्गात आले कशाला?"

"धाकट्यानं नाव घातलं, म्हणजे इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे जाणार. हे थोरल्यानं पाहिलं, तोही आठवड्याभरात हजर. दोघांनी शपथा घेतल्यात बाई, चारचौघांसमोर. आधी तो बोलेल तर बोलेन, नाहीतर मेलो तरी नाही."

"झालं ते झालं. उद्या त्यांना वेगळं बसवते."

आजींनी जरा विचार केला. "कशाला? शपथ आपल्या भाषेत घेतलेली. इंग्रजीत बोललं ते काय धरायचं?"

हा निवाडा आजींनी बहुधा त्याच संध्याकाळी दोन्ही सलूनांत पोचता केला असावा. कारण पुढच्या तासाला बाई माफी मागायच्या तयारीनं आल्या, तर दोघं भाऊ आधीच त्या बाकावर, दोन टोकांना, आणि दोघंही ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. दोघांनीही घरी तयारी केली होती. थोरल्यानं जंगली प्राणी पाठ केले होते आणि धाकट्यानं भाज्या.

त्यानंतरचे दिवस बाईंच्या वर्गाचे सोन्याचे दिवस. इतर जोड्या भावांचं ऐकता यावं म्हणून गप्प होत, आणि मग आपणही मागे राहायचं नाही म्हणून बोलू लागत. तुलना शिकवली त्या दिवशी तर खोली दणाणली. "माय शॉप इज बिगर दॅन युअर शॉप." "माय शॉप इज क्लीनर." "माय कस्टमर इज हॅपियर." "युअर कस्टमर इज बाल्डर!" हा शेवटचा शब्द धाकट्यानं स्वतः बनवला होता. थोरल्यांनी डोक्यावरून हात फिरवला, तोंड फिरवून घेतलं, पण त्यांचे खांदे हलत होते आणि ते रागानं नव्हे, हे समोर उभ्या बाईंना स्पष्ट दिसलं.

मग शरीराचे अवयव आले. भोपळा होता, 'हाउ इज युअर' आणि पुढे रिकामी जागा. सगळे एकमेकांच्या नाकाकानांची चौकशी करत होते. धाकटे बराच वेळ तक्त्याकडे बघत बसले, मग हळूच म्हणाले, "हाउ इज युअर नी?"

थोरल्यांनी चमकून पाहिलं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा डावा गुडघा धरत होता. घरी बायकोखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. पण रस्त्यापलीकडून माणूस लंगडताना दिसतो.

"नी इज नॉट गुड," ते म्हणाले. "ऑल डे स्टँडिंग."

"टेक हाय स्टूल. सिट अँड कट."

"हं," थोरले म्हणाले. 'हं' कुठल्या भाषेतलं, हे बाईंनी त्या दिवशी विचारलं नाही. आठवडाभरात ड्रायव्हरकाकांनी बातमी आणली, थोरल्यांनी उंच स्टूल घेतलंय आणि बसून केस कापतायत.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना आजींनी बाईंना पुन्हा जिन्यात गाठलं. "बाई, एक विनंती आहे. भूतकाळ शिकवू नका."

"का?"

"वर्तमानकाळात भांडून भांडून किती भांडतील? तू जाडा, तू बारीक. पण भूतकाळ हातात आला की ते मिशीपर्यंत पोचणार."

"कसली मिशी?"

तेव्हा बाईंना सगळी हकिकत कळली. दोघं पूर्वी एकाच सलूनमध्ये काम करत. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक गिऱ्हाईक होते आणि त्यांची मिशी म्हणजे गावाची शान. दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्काराचा फोटो निघायचा होता. मिशी कोरायचं काम धाकट्याकडे. थोरले मागून ओरडले, "जपून रे!" त्या ओरडण्यानं धाकट्याचा हात दचकला आणि निम्मी मिशी खाली टॉवेलवर. थोरले भर दुकानात म्हणाले, "हात आहे की कुदळ?" धाकट्यानं ॲप्रन काढला, खुंटीला लावला आणि जो गेला तो गेला.

बाईंनी मग भूतकाळ लांबवायला सुरुवात केली. वर्तमानकाळाची उजळणी झाली, उजळणीची उजळणी झाली, भविष्यकाळ आधीच उरकला. वर्ग कुरकुरू लागला. ड्रायव्हरकाकांनी उभं राहून तक्रार केली, "बाई, काल बस बंद पडली. आय वाँट टेल माय बॉस. आय से, बस इज स्टॉपिंग टुमारो. ही इज व्हेरी अँग्री."

त्यातच केंद्रप्रमुखांचा निरोप आला. साहेब पुढच्या आठवड्यात वर्ग पाहायला येणार. अभ्यासक्रमाप्रमाणे तोवर साधा भूतकाळ होऊन अपूर्ण भूतकाळ चालू असायला हवा. बाईंची पाचावर धारण बसली. साधा भूतकाळ त्यांनी एका तासात, कोणाला बोलायची उसंत न देता, फळ्यावर लिहून संपवला. दोन्ही भाऊ त्या दिवशी विलक्षण मन लावून लिहून घेत होते. आजी नुसत्या मान हलवत होत्या.

साहेब आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. शेवटच्या बुटक्या बाकावर कसेबसे मावले. बाईंनी नवा भोपळा भिंतीला लावला. एक माणूस एक गोष्ट करत होता 'व्हाइल' दुसरा दुसरी गोष्ट करत होता. त्यांनी उदाहरणं दिली. मी स्वयंपाक करत होते, तेव्हा तो वाचत होता. पाऊस पडत होता, तेव्हा मांजर झोपलं होतं. वर्गाचे चेहरे दगडाचे. ते 'व्हाइल' कोणाच्याच घशाखाली उतरेना. साहेबांनी घड्याळात पाहिलं. घाबरून बाईंच्या तोंडून निघून गेलं, "ओके, पेअर्स! टॉक अबाउट द पास्ट!"

शब्द तोंडातून गेला आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

"यू शाउटेड," धाकट्यांचा आवाज आला. ते इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भावाकडे वळून बसले होते.

"आय डिड नॉट शाउट. आय सेड स्लोली."

"यू शाउटेड स्लोली! सो आय कटेड!"

"कट," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "भूतकाळातसुद्धा कटच."

"सो आय कट! हाफ मुस्टॅश! हू शाउटेड? यू! अँड यू सेड, माय हँड इज..." कुदळीचं इंग्रजी धाकट्यांना येईना. त्यांनी उठून हवेत दोनदा कुदळ मारून दाखवली. साहेब पुढे सरकून बसले.

"येस, आय सेड," थोरले म्हणाले. आवाज खाली आला होता. "आय वॉज बॅड. इव्हनिंग, आय वेंट टू युअर हाउस. मी अँड माय वाइफ. टू से सॉरी. आय नॉक्ड, नॉक्ड, नॉक्ड. यू डिड नॉट ओपन."

"लाय!"

"नो लाय! टेन मिनिट्स! लाइट ऑफ, डोअर नॉट ओपन. आय थॉट, फिनिश. माय ब्रदर फिनिश." त्यांना पुढे काही बोलायचं होतं, पण शब्द सापडेना. हात नुसते हवेत चाचपडत राहिले.

बाईंना राहवलं नाही. साहेब असोत नाहीतर साहेबांचे साहेब असोत, त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "दादा, आपल्या भाषेत बोला. आज चालेल."

थोरल्यांनी जोरात मान हलवली. "नको बाई. आपल्या भाषेत सुरू झालो तर पुन्हा भांडण होईल. इंग्रजीत मला शिव्या येत नाहीत, तेच बरंय."

धाकटे मात्र तोंड उघडं टाकून भावाकडे बघत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला साधा भूतकाळ पुरत नव्हता. त्यांची नजर भिंतीवर भिरभिरली आणि नव्या भोपळ्यावर येऊन थांबली. एकेक शब्द चाचपत, बुडणाऱ्यानं हात मारावेत तसं ते म्हणाले, "व्हाइल... यू वेअर नॉकिंग माय डोअर..." मोठा श्वास घेतला. "आय वॉज नॉकिंग युअर डोअर."

"व्हॉट?"

"मी टू. सेम इव्हनिंग. मी अँड माय वाइफ. युअर हाउस, लॉक. आय वेंट बॅक लेन. यू?"

"मार्केट रोड," थोरले पुटपुटले.

एक जोडपं बाजाराच्या रस्त्यानं गेलं होतं आणि दुसरं मागच्या गल्लीनं. दोघांनी एकमेकांची बंद दारं वाजवली होती आणि दोघांनी घरी येऊन एकच अर्थ काढला होता. बारा वर्षांत एकानंही तो अर्थ कोणाला तपासून पाहू दिला नव्हता.

आणि मग ड्रायव्हरकाका बाकातून उसळून उठले. बाक त्यांच्याबरोबर उठला. "बाई! कळलं! व्हाइल कळलं! हा दार वाजवत होता, व्हाइल तो दार वाजवत होता! दोन्ही एकदम!"

"अय्या, हो की!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग एकमेकांना व्हाइल समजावून सांगू लागला. त्या गलक्यात थोरले उठले, गुडघा धरत दोन पावलं पुढे सरकले. धाकट्यांना बहुधा मिठीची अपेक्षा असावी. थोरल्यांनी त्यांच्या केसांत हात घातला, एक बट चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि आपल्या भाषेत म्हणाले, "बारक्या, हे कोणी कापलंय रे? मागे पायऱ्या पडल्यात."

"मीच. आरशात बघून," धाकटे म्हणाले. "दुसरं कोण कापणार होतं, दादा?" आणि ढसाढसा रडू लागले. थोरल्यांचंही तेच झालं. आजी आधीपासूनच रडत होत्या.

साहेबांनी जाताना बाईंना बाजूला बोलावलं. बाई मनातल्या मनात राजीनामा लिहीत होत्या.

"प्रसंग उत्तम बसवलात," साहेब म्हणाले. "विद्यार्थी इतके मोकळे बोलताना मी कुठे पाहिले नाहीत. तो मिशीचा तपशील तर फारच छान. फक्त शेवटी रडणं जरा कमी करता आलं तर बघा. थोडं भडक वाटतं."

"हो सर," बाई म्हणाल्या. "सांगते त्यांना."

त्या रात्री दारावरची पाटी उतरली. तिच्या जागी बाईंनी दुसरी लावली, 'आधी इंग्लिश, अडलं तर आपली भाषा'. साहेबांना कळवायचं त्यांनी मुद्दामच राहू दिलं.

भावांची सलूनं मात्र एक झाली नाहीत. थोरल्यांचं म्हणणं, धाकट्याचा हात अजूनही घाईचा आहे. धाकट्यांचं म्हणणं, दादा अजूनही ओरडतो. पण दर सोमवारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, एकजण रस्ता ओलांडून जातो आणि दुसऱ्याचे केस कापून येतो. थोरल्यांना कापायला केसच नाहीत, तर त्यांच्या कानांवरचे कापतात. वर्गात तर दोघं बारा वर्षांचं साठलेलं बोलणं आपल्या भाषेत असं बोलत सुटले, की शिकवणं अशक्य झालं. तीन वेळा समज देऊन पाहिली, दगडावर पाणी. शेवटी बाईंनी एकाला पुन्हा दाराशी बसवलं आणि दुसऱ्याला खिडकीशी. तर ते तिथून खुणा करू लागले.

आणि पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी तास सुरू व्हायच्या आधी दोन बायका जिना चढून वर आल्या. एकीमागून एक, मधे चार पायऱ्यांचं अंतर ठेवून. बाईंनी ओळखलं नाही, पण आजींनी लगेच बाईंच्या कानाला तोंड लावलं, "जावा आहेत. नवरे बोलायला लागले, यांचं अजून बाकी आहे. मिशीच्या भांडणानंतर कोण कोणाला काय म्हणालं होतं, यावरून."

एक दाराशी बसली, दुसरी खिडकीशी. बाईंनी हसून त्यांना पहिल्या धड्याची पानं दिली, सफरचंदाच्या आणि मांजराच्या चित्रांची. थोरल्या जाऊबाईंनी पानं उलटसुलट करून पाहिली आणि परत बाईंच्या हातात ठेवली.

"बाई, हे सफरचंद वगैरे राहू दे," त्या म्हणाल्या. "आम्हाला थेट भूतकाळ शिकवा."

खिडकीशी बसलेल्या धाकट्या जाऊबाईंनी पहिल्यांदाच तिकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "आणि जरा सावकाश शिकवा. मला सगळं नीट सांगायचंय."